विनाकारण धाकधूक: आधी फिजिशियन की समुपदेशक?

सगळं सुरळीत, तरी छातीत धडधड, हाताला थरथर. मी म्हणेन, आधी फिजिशियन. थायरॉइड वाढलं असेल, दम्याचा सालब्युटामॉल पंप जास्त घेतला जात असेल किंवा दिवसभर चहावर चहा चालू असेल, तरी अगदी असंच होतं. टीएसएचच्या साध्या रक्ततपासणीत थायरॉइडचं कळतं.

पण रिपोर्ट नॉर्मल आले, की ‘तुला काही झालेलं नाही’ ऐकून गप्प बसू नका. 6 महिने बहुतेक दिवस काळजी सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकच गाठा. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशनात, काळजी हाकलत नाहीत. ती कसलं भाकीत करते ते कागदावर लिहून पुढे ताडून बघतात. (घरच्यांचं ‘विचार करू नकोस’ त्यापुढे फुकट.) फी जड जात असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: 14416, मोफत, 24 तास, मराठीतही.