सरपणासाठी खुकुरी: सिरुपाते, भोजपुरे की आङखोला?

काठमांडूच्या ठमेल भागातून पर्यटक ज्या खुकुऱ्या घेऊन परततात, त्यांतील बऱ्याचशा भिंतीवर टांगण्यासाठीच बनवलेल्या असतात. नक्षीदार पाते आणि मुलामा दिलेले म्यान यांचा लाकडाशी काही संबंध नसल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. पूर्व नेपाळात कामानिमित्त राहत असताना धरानच्या बाजारातून घेतलेल्या तीन साध्या, घरगुती वापराच्या खुकुऱ्यांची ही तुलना आहे. ब्रिटिश गुरखा भरतीचे ठाणे अनेक वर्षे याच गावी होते, आणि भोजपूर, धनकुटा या डोंगराळ जिल्ह्यांकडचा मालही येथे उतरतो. तिन्ही खुकुऱ्यांनी प्रामुख्याने उत्तिस, चिलाउने (दोन्ही तिथली डोंगरी झाडे) आणि वाळलेला सालवृक्ष एवढेच लाकूड तोडले, अधूनमधून बांबूही.

तिन्हींची पाती ट्रकच्या कमानीच्या पाट्यांपासून घडवलेली होती. नेपाळी लोहार संपूर्ण पात्याला पाणी देत नाही. तापलेल्या पात्याच्या केवळ धारेवर तो किटलीतून पाण्याची बारीक धार सोडतो, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ व चिवट राहते. सर्वांत जास्त कडकपणा पोटाला, म्हणजे वाकाच्या पुढच्या रुंद भागाला मिळतो. घाव नेहमी पोटावर बसला पाहिजे, हे त्यामागचे कारण आहे. टोकाने किंवा मुठीजवळच्या भागाने ओंडका तोडू पाहणाऱ्याची धार हमखास दुमडते.

सिरुपाते ही तिघींत सडपातळ. सिरू गवताच्या पातीसारखे लांब, निमुळते पाते आणि जेमतेम अर्धा किलो वजन यांमुळे ती हातात अतिशय चपळ वाटते. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या ओल्या फांद्या आणि बांबू तोडताना तिच्याइतका आनंद इतर दोघींनी दिला नाही. सुक्या चिलाउनेवर मात्र ती खोल रुतते, ढलपी उडवत नाही आणि प्रत्येक घावानंतर ओढून काढावी लागते, त्यामुळे अर्ध्या तासात हात भरून येतो. दुकानदार तिला ‘सर्व कामांची’ म्हणतात, पण सरपणासाठी तिची शिफारस मी करणार नाही.

भोजपुरे याच्या नेमकी उलट आहे. पाठ जाड, पोट रुंद, पात्यावर चर नाही, आणि धारेकडे उतरणाऱ्या बाजू किंचित फुगीर. या फुगीरपणाचे महत्त्व प्रत्यक्ष काम केल्याशिवाय कळत नाही. पाते लाकडात शिरताच ढलपी बाजूला ढकलली जाते आणि खुकुरी अडकत नाही. उभ्या रेषेत वाढलेले उत्तिस तर ती जवळजवळ फाडतेच. वाकामुळे वजन हातापासून पुढे जाते आणि घाव घालताना बळ लावण्याऐवजी पाते पडू दिले तरी काम भागते. कोकणातल्या कोयत्याची सवय असलेल्या माणसाला हे लगेच उमगेल, मात्र कोयत्याने ज्या जाडीला हात लावायचा नाही असे आपण ठरवलेले असते, ती जाडी भोजपुरे सहज पेलते.

आङखोला जातीत पाठीच्या कण्यालगत वाकाजवळ एक रुंद चर घातलेला असतो. पाठ जाड ठेवूनही या चरामुळे मधले वजन उतरते, पोटातले वजन तसेच राहते, आणि परिणामी तोल आणखी पुढे सरकतो. सुक्या सालावर केवळ हीच समाधानकारक ठरली. दोन बाजूंनी आळीपाळीने तिरके घाव घालत खाच रुंद करत गेले की मांडीएवढा ओंडकाही तुटतो, परंतु त्याहून जाड लाकडाला कुऱ्हाडच हवी, आणि नेपाळातली खेडूत मंडळीही तिथे कुऱ्हाडच घेतात. तीन चर घातलेल्या ‘तीन चिरा’ पात्याचे कारागिरीसाठी कौतुक करावे. लाकडावर त्याचा वेगळा फायदा जाणवला नाही.

मुठीकडे ग्राहक सर्वांत कमी पाहतो आणि नेमकी तीच आधी दगा देते. जुन्या पद्धतीत पात्याची निमुळती शेपूट लाखेने मुठीत बसवतात. ही मूठ हलकी असते आणि हाताला धक्का कमी देते, पण सततच्या तोडकामात लाख तडकून मूठ हलू लागते. माझ्या सिरुपातेच्या बाबतीत हेच घडले आणि विकणाऱ्याने ती बदलून देण्यास नकार दिला. ‘पानवाल’ मुठीत मात्र पात्याचे पोलाद शेवटपर्यंत जाते व दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा शिंगाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. सरपणासाठी पानवाल आणि लाकडी फळ्या हीच जोडी घ्यावी. म्हशीच्या शिंगाची मूठ देखणी खरी, पण घामाने निसरडी होते आणि हवा कोरडी झाली की तिला चिरा जातात. मुठीच्या मध्यावरचे पारंपरिक कडे काहींच्या तळव्याला टोचते, म्हणून दुकानात मूठ घट्ट आवळून पाहावी.

पोटाच्या धारेवर बारीक कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर पाणी नीट बसले आहे, आणि चावली तर कितीही चकचकीत असली तरी ती खुकुरी ठेवून द्यावी. म्यानातून काढताना बोटे म्यानाच्या धारेकडच्या बाजूला कधीही गुंडाळू नयेत, कारण पाते शिवण कापून बाहेर येऊ शकते. म्यानात सोबत मिळणारा कर्द, म्हणजे छोटा चाकू, किरकोळ कामाला ठीक आहे, आणि त्याच्याच जोडीच्या ‘चकमक’ नावाच्या बोथट पात्याने दुमडलेली धार सरळ करता येते. काम संपल्यावर चीक पुसून मोहरीच्या तेलाचा हात फिरवला नाही, तर हे पोलाद पावसाळी हवेत एका रात्रीत गंजते.

भारतात आणायची असल्यास विमानात ती हातातल्या सामानात नेता येत नाही. शिवाय ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेले वगळता, आपल्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. आङखोला आणि भोजपुरे दोन्ही या मापांच्या पुढे जातात, म्हणून मळ्यात किंवा बागेत ठेवणे वेगळे आणि कमरेला लावून बाजारात फिरणे वेगळे, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.