बॅकलॉग काढायचा: ‘स्वयम’ की मेंटर सर?
दारव्ह्याकडच्या आमच्या गावातून सकाळी एकच एसटी. म्हणून स्टॅटिस्टिक्सचा बॅकलॉग (नापास राहिलेला पेपर) आला तेव्हा आधी ‘स्वयम’ धरलं. २०१७ पासूनचं ऑनलाइन कोर्सचं सरकारी पोर्टल. शिकायला फुकट, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी. व्हिडिओ कितीदाही मागे घ्या. (रेंज असली तर!) पण आपण कुठं अडलो ते व्हिडिओला कसं कळणार?

कॉलेजातल्या मेंटर सरांनी वही उघडली अन् प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाच्या) पहिल्याच गणितावर पेन्सिल ठेवली. “आधी सरासरी वजा कर, मग वर्ग. तू उलटं करून राहिला ना बाप्पा!” दहा मिनिटांत सुटलं. माझं मत सरांच्याच बाजूनं. फक्त सोयाबीन सोंगणीत कॉलेज बुडतं, तेव्हा रात्री मोबाइलच.