क्रियापदांचा आघात पक्का करणारा पणजीतील इटालियन वर्ग

पणजीतील या छोट्या वर्गाचे खरे बळ म्हणजे क्रियापदांच्या उच्चारावर घेतली जाणारी मेहनत. ‘आबितो’ म्हणजे ‘मी राहतो’ यात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर असतो, ‘आबित्यामो’ (आम्ही राहतो) मध्ये तो शेवटून दुसऱ्यावर सरकतो आणि ‘आबितानो’ (ते राहतात) मध्ये पुन्हा पहिल्यावर, म्हणजे शेवटून चौथ्यावर जातो, मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने आपल्या कानाला हे जड जाते, म्हणून बाई प्रत्येक रूप टाळीसह म्हणवून घेतात. अक्षरे पाडताना ‘मेत्-ते-रे’मधले जोडव्यंजन तुटते, ‘का-पी-स्को’मधले ‘स्क’ मात्र अखंड राहते, हेही फळ्यावर दिसते. उणीव एकच: इटालियन लेखनात आघाताची खूण सहसा शेवटच्या अक्षरावरच देतात, त्यामुळे घरच्या सरावासाठी दिलेल्या छापील टिपणांत आघाताचे अक्षर ठळक असायला हवे होते.