सुनीत आधी, संगीत नंतर: विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’चा एक संच

ऋतुबदलावरील कवितेला संगीतातून दिलेल्या प्रतिसादांपैकी इटालियन संगीतकार आंतोनिओ विवाल्डीचे ‘चार ऋतू’ बहुधा सर्वांत परिचित असावेत. १७२५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे छापल्या गेलेल्या या चार व्हायोलिन कॉन्सर्टोंसोबत (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या, प्रत्येकी तीन भागांच्या रचनांसोबत) ऋतूगणिक एकेक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आहे. त्यावर कवीचे नाव नाही. ती विवाल्डीनेच रचली असावीत, असा तर्क केला जातो. प्रस्तुत ध्वनिमुद्रित संचात प्रत्येक कॉन्सर्टोपूर्वी त्या ऋतूच्या सुनीताचे मराठी भाषांतर वाचले जाते. कल्पना उत्तम आहे आणि वाचनही नाटकी हेल न काढता, संयतपणे केलेले आहे.

अडचण आहे ती मांडणीची. मूळ छापील प्रतीत सुनीताच्या ओळी स्वरलिपीत त्या त्या जागी दिलेल्या आहेत, त्यामुळे पक्ष्यांची ओळ कुठे संपते आणि झऱ्याची कुठे सुरू होते, हे वादकाला नेमके कळते. येथे मात्र चौदाही ओळी सलग वाचून झाल्यावर संगीत सुरू होते आणि ग्रीष्मातले शेवटचे वादळ येईपर्यंत कवितेत त्याविषयी काय म्हटले होते, याचा श्रोत्याला विसर पडलेला असतो.

त्याहून खटकतो तो वसंताचा संथ भाग. फुललेल्या कुरणावर शेळ्या राखणारा झोपला आहे आणि इमानी कुत्रा शेजारी आहे, असे सुनीत सांगते. कुत्रा भुंकतो असे त्यात कोठेही नाही. विवाल्डीने मात्र व्हिओलाला (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या, खालच्या स्वराच्या वाद्याला) भुंकायला लावले आणि हे स्वर सतत खूप मोठ्याने, हिसका देऊन वाजवावेत, अशी सूचनाही लिहून ठेवली. कवितेने न सांगितलेले असे काही जोडण्याचे धाडस हाच माझ्या मते खरा प्रतिसाद होय. या संचात तो व्हिओला इतका दबलेला आहे की, कुत्राही धन्यासोबत झोपी गेला असावा.

हिवाळ्याचा संथ भाग मात्र निर्दोष आहे. बाहेरचा पाऊस व्हायोलिनच्या छेडलेल्या तारांतून स्पष्ट ऐकू येतो आणि शेकोटीजवळची मुख्य धून उगाच रेंगाळत नाही.

संचासोबत सुनीतांची पुस्तिका दिलेली नाही, ही उणीव मोठी आहे. पुढील आवृत्तीत प्रत्येक कॉन्सर्टोच्या तीन भागांपूर्वी सुनीताच्या संबंधित ओळी विभागून वाचाव्यात. तोपर्यंत घेणाऱ्याने त्या कागदावर उतरवून समोर ठेवलेल्या बऱ्या.