आर्बिट्रेशनच्या नावाखाली सही मागतील, ओटीपी देऊ नका

"तुम्ही टर्म्स ऍक्सेप्ट केल्यात सर, आता ग्राहक मंचात जाता येत नाही, आर्बिट्रेशनच करावं लागेल." कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटचा माणूस मला हे इतक्या ठामपणे सांगत होता की कोणालाही पटावं. हे साफ खोटं आहे. आधी एवढं डोक्यात ठेवा, मग पुढचं वाचा. आर्बिट्रेशन म्हणजे लवाद, कोर्टाबाहेर नेमलेला माणूस (आर्बिट्रेटर) वाद ऐकून निवाडा देतो.

ऑनलाइन ट्रेडमिल घेतली होती, ४२,९९० रुपयांची. वॉरंटी रजिस्टर करायला ऍप टाकायला लावलं, त्यात नेहमीसारखं 'आय ऍग्री'. बायको सावकाश चालत असताना पट्टा अचानक जोरात सुटला, ती मागे फेकली गेली आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागली, हॉस्पिटलचं बिल १,३८,४५०, फिजिओथेरपीचे ११,२०० वेगळे. कंपनीने आधी 'गुडविल' म्हणून १५,००० देऊ केले, मी नाही म्हटल्यावर हे आर्बिट्रेशनचं सुरू झालं.

माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणाला मामा हे असंच असतं, क्लॉज आहे म्हणजे विषय संपला. त्याचंही चूक नाही, तिकडे २०११ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने एका मोबाइल कंपनीच्या केसमध्ये असे क्लॉज उचलून धरलेत. पण इकडचा कायदा वेगळा आहे हो! आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये खराब बियाण्याच्या केसमध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने सांगितलं, १० डिसेंबर २०१८ ला एमार एमजीएफ या बिल्डरच्या केसमध्ये पुन्हा सांगितलं, २०२३ मध्येही तेच, की करारात लवादाचा क्लॉज असला तरी ग्राहकाला ग्राहक आयोगात (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात) जाता येतं, कुठे जायचं ते ग्राहक ठरवणार. कंपन्यांच्या वकिलांना हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. ऑपरेशनला जेमतेम दोन दिवस झाले होते, मी हॉस्पिटलच्या कॅश काउंटरसमोर रांगेत, हातात फाइल, आणि फोन आला की क्लेम फास्ट ट्रॅक करायचाय, मेलवर फॉर्म पाठवलाय, फक्त ओटीपी सांगा. फॉर्म १९ पानी. सातव्या मुद्द्यात लिहिलं होतं की मी हा वाद ग्राहक आयोगात नेणार नाही, आणि आठव्यात की कंपनीने नेमलेल्या आर्बिट्रेटरबद्दल माझी हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, कायद्यानेच जर माझा रस्ता बंद होता तर यांना ओटीपीने माझी नवी सही कशाला हवी होती? जुना क्लॉज कुचकामी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं म्हणून! कंपनीने स्वतःच्या मर्जीने एकटा आर्बिट्रेटर नेमणं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच चुकीचं ठरवलंय, पण वाद झाल्यावर तुम्ही लेखी संमती दिली तर ती हरकत घेता येत नाही. ती संमती त्यांनी माझ्याकडून रांगेत उभं असताना काढून घेतली. अशा वेळी १९ पानं कोण वाचतं, कोणी वाचत असेल तर मला भेटवा.

मशीन 'तपासणीसाठी' घेऊन गेले ते परत आलंच नाही. वस्तू देऊ नका, काही झालं तरी. आयोग सदोष वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, पण वस्तूच नसेल तर काय पाठवणार.

आर्बिट्रेटरपुढची सुनावणी व्हिडिओ कॉलवर. माझ्या वाट्याची फी १७,७००. निवाडा काय, तर घसारा धरून मशीनची निम्मी किंमत, २१,४९५ रुपये. मनगटाचे शून्य, कारण म्हणे टर्म्समध्ये जबाबदारी वस्तूच्या किमतीपुरतीच आहे. म्हणजे फी वजा जाता हातात ३,७९५. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं अख्खं प्रकरण आहे, सदोष वस्तूने माणसाला झालेल्या इजेसाठीच ते आहे! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी शून्य, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही.

मग मी दाद मागायला निघालो. पोलीस चौकीत साहेब म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, एका सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली तर 'कंपनीने उत्तर दिले आहे' असं लिहून तिकीट बंद, उत्तर काय तर तोच निवाडा, पुन्हा उघडायला बटणच नाही, कार्यालयात गेलो तर हे आमच्याकडे येत नाही वरच्या मजल्यावर जा, वर गेलो तर मॅडम ट्रेनिंगला, आयोगाच्या खिडकीवर कारकून कागद हातात न घेताच म्हणतो "निवाडा झालाय ना काका, मग आता इथे कशाला?" प्लेट घातलेल्या हाताने बायको शेजारी उभी, तिला कोणी बसा म्हणालं नाही. कायदा एवढा चांगला केलाय तर तो सांगायला एक माणूस का बसवत नाही तिथे? कंपनीकडे फोन करून खोटं सांगायला माणसं आहेत, सरकारकडे खरं सांगायला एकही नाही.

आता निवाड्याला कोर्टात आव्हान देतोय, त्याला मुदत फक्त तीन महिने, वर फार तर तीस दिवस, आणि वकिलाने आत्ताच ३५,००० मागितलेत. एकदा निवाडा झाला की आयोगाचा रस्ता फार अवघड होतो, म्हणून त्याआधीच तिथे तक्रार टाका. मेलवर मेल करत बसू नका, आयोगाची मुदत दोन वर्षं आहे आणि 'चर्चा चालू आहे' म्हणून ती आपोआप वाढत नाही. बिल, एक्स-रे, तुटलेल्या वस्तूचे फोटो, सगळं स्वतःकडे. फोनवर बोललेलं मेलवर लिहून मागा, माझ्या क्लेमवाल्याने ते पहिलं वाक्य कधीच लिहून दिलं नाही. आणि 'फास्ट ट्रॅक संमती' नावाचा फॉर्म आला तर उत्तर एका ओळीत द्या, मी ग्राहक आयोगात जातोय, सही करणार नाही.