एक पगार थांबल्यावर: कात्री कुठे लावायची, कुठे नाही

जोडीदाराची नोकरी गेली की पहिल्या आठवड्यात घरात बहुधा दोन मतं पडतात. एकाला वाटतं, सगळं आजच बंद करू: कामाच्या मावशी, मुलीचा तबल्याचा क्लास, गाडी, विम्याचे हप्ते. दुसऱ्याला वाटतं, महिना-दोन महिन्यांत काहीतरी होईलच, तोवर आहे तसं रेटू. मला दोन्ही धोक्याचं वाटतं. घाबरून कापताना नको ते कापलं जातं आणि रेटत राहिलं की गाठीचा पैसा कधी संपला ते कळत नाही.

खर्च मोठा की छोटा हे नंतर बघा. आधी प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: हा आज थांबवला, तर सहा महिन्यांनी त्याच किमतीत परत सुरू करता येईल का? हॉटेलचं जेवण येईल. खंड पडलेला आरोग्य विमा येणार नाही. खालची सगळी तुलना ह्याच प्रश्नावर केली आहे.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून पुण्यात हिंजवडी-वाकड-बाणेर भागात ही चर्चा घरोघरी आहे. म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. समजा, दोघांपैकी एकाचा ६२ हजारांचा पगार उरला आहे आणि महिन्याचा खर्च असा आहे: घराचा हप्ता ३४,७००, गाडीचा ११,०००, शाळा ९,०००, किराणा-भाजी-दूध १८,०००, वीज-गॅस-नेट-मोबाइल ५,५००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, मावशी ५,०००, पेट्रोल ६,०००, बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी ९,०००, गाडीचा आणि आयुष्याचा विमा महिन्याला धरून ३,५००. बेरीज १,०५,२००. दरमहा ४३,२०० कमी पडतात.

घराचा हप्ता: मुदत वाढवायची की दर उतरवून घ्यायचा?

सगळ्यात मोठा आकडा हा, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बँकेत गेलात की समोरची व्यक्ती पटकन म्हणते, "मुदत वाढवून देतो, हप्ता कमी होईल." ते खरंच आहे, पण त्याची किंमत कोणी मांडून दाखवत नाही. ४० लाख बाकी आणि २० वर्षं शिल्लक धरून हिशोब असा होतो:

| पर्याय | दर | मुदत | हप्ता | पुढचं एकूण व्याज |
|---|---|---|---|---|
| आहे तसंच | ८.५ टक्के | २० वर्षं | ३४,७१३ | ४३.३ लाख |
| मुदत वाढवली | ८.५ टक्के | २५ वर्षं | ३२,२०९ | ५६.६ लाख |
| दर उतरवला | ७.७५ टक्के | २० वर्षं | ३२,८३८ | ३८.८ लाख |

मुदत वाढवून महिन्याला अडीच हजार सुटतात आणि पुढे १३ लाखांचं जादा व्याज मानगुटीवर बसतं. दर पाऊण टक्का उतरला तर सुटतात १,८७५ रुपये, आणि व्याज उलट साडेचार लाखांनी घटतं. महिन्याला सव्वासहाशे रुपयांच्या फरकासाठी कुठला रस्ता धरायचा, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

दर उतरवून मिळण्याची शक्यता किती? रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर ह्या काळात रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर हा फायदा तीन महिन्यांच्या आत पोचायला हवा. पण इथे एक मेख आहे. दर उतरला तरी बँका बहुधा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच. आत्ता तुम्हाला हातात रोख हवी आहे. म्हणून लेखी अर्ज द्या: मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेट ह्या बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवर अडकलेलं असेल तर थोडं शुल्क भरून ते रेपोशी जोडून घेता येतं. ते शुल्क आत्ताही द्यायला परवडतं.

दर उतरवूनही भागत नसेल तर मुदत वाढवा, त्यात गैर काही नाही. फक्त नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात हप्ता पुन्हा चढवा. बदलत्या दराच्या गृहकर्जात जादा पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. आणि काही झालं तरी हप्ता चुकवून मग बँकेत जाऊ नका, आधी जा. चुकलेला हप्ता सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, वर्षानुवर्षं राहतो.

रोख कुठून आणायची: एफडी, पीएफ की सोनं?

माझा क्रम आधी सांगते: एफडी, मग सोनं तारण, मग पीएफ. क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलणं आणि पर्सनल लोन ह्या यादीतच नाहीत. कार्डाचं व्याज महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात जातं.

एफडी मोडायची की तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्यायचा? मोडली तर व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते. ओव्हरड्राफ्टला एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात, तेही जेवढी रक्कम वापरली तेवढ्यावरच. दोन-तीन महिन्यांची अडचण असेल आणि एफडी जुन्या चांगल्या दराची असेल तर ओव्हरड्राफ्ट बरा. लांबणार असं दिसत असेल तर मोडा, पण सगळ्यात कमी व्याजाची आधी.

सोनं विकणं आणि तारण ठेवणं ह्यांत मी तारणाच्या बाजूची आहे. विकताना घडणावळ बुडते, घट धरली जाते, आणि आजीच्या पाटल्या परत घडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पूर्वी ही मर्यादा ७५ टक्के होती. जास्त मिळतं म्हणून जास्त उचलू मात्र नका. व्याज दर महिन्याला भरत राहणार असाल तरच ठेवा, नाहीतर वर्षाअखेर रक्कम फुगून बसते.

पीएफ शेवटी का? ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी. म्हणजे मोठी रक्कम हाताशी आहे, म्हणूनच मोह होतो. पण २०२४-२५ साठी ह्या पैशावर ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि नोकरी नसली तरी खात्यावर व्याज चालू राहतं. सलग ५ वर्षं सेवा झालेली नसेल तर काढलेल्या रकमेवर करही लागू शकतो. पेन्शनचा भाग तर मुळीच काढू नका. १० वर्षं सेवा भरली की पेन्शनचा हक्क लागतो. मधेच पैसे काढले तर मागची वर्षं धरली जात नाहीत.

ज्यांची गेलेली नोकरी ईएसआयसीखालची (कर्मचारी राज्य विम्याखालची) होती त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी जवळच्या शाखा कार्यालयात जरूर करावी. सरासरी मजुरीच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळण्याची त्यात तरतूद आहे.

आरोग्य विमा: इथे काटकसर नको

कंपनीचा विमा बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. अनेकांना हे दवाखान्याच्या काउंटरवर कळतं. तुमच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, ज्याची नोकरी चालू आहे त्याच्या कंपनीच्या विम्यात जोडीदार आणि मुलांची नावं घालणं. ही सगळ्यात स्वस्त, पण वर्षाच्या मध्यात नाव घालू देतात का हे एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको. दुसरी, जुन्या कंपनीची पॉलिसी ज्या विमा कंपनीची होती तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेणं. ह्यात आजवर भरलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांसाठी विमा लागू होण्याआधी थांबावं लागतं तो काळ, पुढे धरला जातो. तिसरी, बाजारातून नवी पॉलिसी.

घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दुसरी वाट घ्या, थोडी महाग पडली तरी. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सगळे धडधाकट आणि तिशीतले असाल तर पहिली पुरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, एवढाच काय तो दिलासा. आपल्या उदाहरणात वर्षाला २५ हजारांचा हप्ता धरू, म्हणजे महिन्याला खर्च २,१०० रुपयांनी वाढला. हा वाढलेला खर्च मी आनंदाने सोसेन.

मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन, तसाच चालू ठेवा. बचतीच्या एलआयसी पॉलिसीचा हप्ता झेपत नसेल तर सरेंडर करण्याआधी ती पेड-अप करून मिळते का, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहते का, हे एजंटला विचारा.

गाडी: ठेवायची की विकायची?

धरा, गाडीला ४ लाख २० हजार येतात आणि कर्ज २ लाख ६० हजार बाकी आहे. विकली तर हप्त्याचे ११ हजार सुटतात आणि वर १ लाख ६० हजार हातात येतात. स्कूटर ठेवा, ती मुलाखतींना लागेल. नोकरीवाल्याला पीएमपीएमएलच्या शहर बसचा १,५०० रुपयांचा मासिक पास पुरतो, आणि पीसीएमसी-स्वारगेट किंवा वनाज-रामवाडी मार्गाच्या जवळ असाल तर मेट्रो आहे. घरात डायलिसिसवर किंवा आधाराशिवाय चालू न शकणारं माणूस असेल तर हा विषयच सोडा, गाडी ठेवा.

स्वयंपाकघर

किराण्यात कमाल तीन-साडेतीन हजार वाचतात, हे आधी मान्य करू. तरीही ते रोज हाताला लागतात म्हणून महत्त्वाचे.

दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून घेणं, डी-मार्टमध्ये महिन्याचं भरणं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चिठ्ठीवर आणणं, ह्यांत नगाचा भाव बहुतेकदा डी-मार्टचा कमी. पण बिल कमी वाण्याचंच होतं. डी-मार्टमध्ये ट्रॉली ढकलता ढकलता बिस्किटांचे तीन पुडे आणि एक प्लॅस्टिकचा डबा आत येतो. वाण्याला "अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो शेंगदाणे" एवढंच सांगितलं की तेवढंच मिळतं. तेल, साबण, डिटर्जंट, साखर डी-मार्टमधून, तेही यादी करून आणि एकट्याने जाऊन. बाकी वाण्याकडून, असं वाटून घ्या. ॲप फोनवरून काढून टाका.

भाजीसाठी गुलटेकडीचं मार्केट यार्ड स्वस्त, पण एका घराला तिथलं प्रमाण झेपत नाही. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून कांदे-बटाटे-लसूण आणले तर परवडतं. पालेभाजी मात्र जवळच्या आठवडे बाजारातून, संध्याकाळी. मोड आलेली मटकी पाकिटातून घेण्याऐवजी रात्री भिजत घालून फडक्यात बांधा. आठवड्यातून दोनदा पिठलं-भाकरी, एकदा उसळ, एकदा आमटी-भात, एवढं बसवलं तरी फरक दिसतो. मुलांचं दूध, अंडी आणि फळ ह्यांना हात लावू नका; केळी आणि पेरू ही काही महाग फळं नव्हेत.

विजेत महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला तरी जादा दर वरच्या युनिटांपुरताच लागतो, त्यामुळे २९० की ३१० ह्यावरून घरात भांडू नका. गीझर आणि एसी एवढ्याकडेच लक्ष द्या.

भाड्याचं घर आणि शाळा

भाड्याने राहत असाल तर २८ हजारांचं घर सोडून २० हजारांच्या घरात जाणं मोहक वाटतं. नव्या घराची दलाली, टेम्पो, करारनाम्याची नोंदणी आणि रंगाचे कापलेले पैसे धरले तर पहिले पाच-सहा महिने काहीच वाचत नाही. आधी मालकाला भाडं सहा महिन्यांपुरतं कमी करायला विचारा. चांगला भाडेकरू जाण्यापेक्षा दोन हजार कमी घेणं बऱ्याच मालकांना परवडतं.

शाळा वर्षाच्या मध्यात बदलू नका. फी हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागा. क्लास थांबवायचाच झाला तर मुलीला कारण खरं सांगा आणि तबला घरी वाजू द्या.

मावशी

मावशींकडे वळण्याआधी वरची सगळी कपात एकत्र मांडू. बाहेरचं खाणं आणि खरेदी ९ हजारांवरून दीड हजारांवर, पेट्रोल ६ हजारांवरून पाससकट अडीच हजारांवर, किराणा साडेतीन हजारांनी कमी, नेट-मोबाइल-वीज बाराशेने, घराचा हप्ता १,८७५ ने: मिळून साडेसतरा हजार. गाडीचे ११ हजार धरले आणि नव्या विम्याचे २,१०० वाढवले की तूट उरते पावणेसतरा हजारांची. गाडी विकून आलेल्या १ लाख ६० हजारांत ती साडेनऊ महिने भागते, एफडी-पीएफला न शिवता.

ह्या हिशोबात मावशींचे ५ हजार मी मुद्दाम कापलेले नाहीत. "आता हा घरीच असतो, भांडी तो करेल" हे बोलायला सोपं आहे. अर्ज पाठवणं, अभ्यास, मुलाखतीची तयारी हे रोजचं पाच-सहा तासांचं काम आहे, आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून होत नाही. नोकरी गेलेली व्यक्ती बाई असेल तर घर तिच्या अंगावर आणखी पटकन पडतं, आणि परत कामावर जायचा तिचा विचार आपोआप मागे सरतो. शिवाय मावशींच्या घरीही तो एक पगारच आहे. पहिले तीन महिने त्यांना ठेवा. त्यानंतरही नोकरी लागली नाही तर स्वयंपाक घरी घ्या, भांडी-फरशी त्यांच्याकडे राहू द्या आणि हे त्यांना महिनाभर आधी सांगा, म्हणजे त्यांना दुसरं घर बघता येईल.