विकिपीडियाचे शिष्टाचार: नियम शहाणे, माणसं मोजकी

विकिपीडियावर बहुतेक लेख दुरुस्त करायला खातंसुद्धा लागत नाही. भांडायला मात्र पद्धत लागते, आणि ती पद्धत आपल्या सोसायटीच्या सभांपेक्षा शहाणी आहे. समोरचा लेख सुधारायलाच आलाय असं धरून चालायचं. बोलायचं ते मजकुराबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल नाही.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे जतन करण्याआधीची सारांशाची चौकट, जिथं आपण काय बदललं आणि का, ते थोडक्यात लिहायचं. एखाद्या किल्ल्याच्या लेखातलं बांधकामाचं साल काढून चौकट कोरी सोडली, तर ज्यानं ते घातलं त्याला हा खोडसाळपणाच वाटणार. तो साल परत घालतो, पहिला पुन्हा काढतो. ‘सालाला संदर्भ नाही, पुस्तक व पान मिळाल्यास परत घालावे’ एवढं लिहिलं की बहुतेकदा विषय तिथंच मिटतो. ‘काहीही लिहिलंय’ हा सारांश कोऱ्या चौकटीहून वाईट, कारण तो लेखाच्या बदलांच्या इतिहासात राहतो आणि लिहिणाऱ्याला स्वतःला खोडता येत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर या ओढाताणीला चाप आहे: एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं, तर खातं अडवलं जाऊ शकतं. उघड नासधूस उलटवणं यात मोजत नाहीत. लोक मात्र ३ हा आपला हक्काचा कोटा समजतात आणि पंचविसाव्या तासाला हजर होतात. तेही संपादन-युद्धच धरलं जातं. आपला बदल उलटला की त्या लेखाच्या चर्चा पानावर जावं, नवा मथळा द्यावा, संदर्भ मांडावा, शेवटी चार टिल्ड (~~~~) टाकावेत. नाव आणि वेळ आपोआप उमटते. दुसऱ्याच्या म्हणण्यातलं शुद्धलेखनही सुधारू नये.

खटकतं ते वेगळंच. नियम असंख्य पानांवर विखुरलेत आणि प्रत्येक भाषेचे आपापले आहेत. इंग्रजीतला नियम मराठीत आपोआप लागू होत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २०२१ मध्ये जाहीर केलेली वैश्विक आचारसंहिता मात्र तिच्या सगळ्या प्रकल्पांना बंधनकारक. छोट्या भाषांच्या विकिपीडियांवर प्रचालक, म्हणजे खाती अडवण्याचे अधिकार असलेले सदस्य, मोजके, त्यामुळे निवाडा करणारा वादातल्या एकाचा जुना सहकारी असू शकतो. म्हणून तक्रार करताना ‘अमुक उद्धट आहे’ एवढ्यावर थांबू नका. इतिहास पानावरून त्या नेमक्या बदलाचा दुवा जोडा. बिनदुव्याच्या तक्रारीवर सहसा काही होत नाही, आणि ते योग्यच आहे.